चष्म्यातला रस्ता

व्हर्च्युअल रिॲलिटीचा तो डोळ्यांवर चढवायचा डबा (मी त्याला सरळ चष्माच म्हणणार आहे, जड प्रतिशब्द वापरायची माझी हिंमत नाही) मॉलमधल्या खेळांच्या मजल्यावर दिसायला लागला, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना वाटलं की हे काहीतरी कालपरवाचं खूळ आहे. पण ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवायला हा चष्मा वापरून बघितला, त्या पहिल्या प्रयोगांपैकी एकाला आता तीसेक वर्षं झाली. आणि त्यात मुलांना शिकवलं काय, तर रस्त्यावर कसं वागायचं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाने हे वाचून हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

१९९६ मध्ये डोरोथी स्ट्रिकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातून एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुलं दोनच. साडेसात वर्षांची एक मुलगी आणि नऊ वर्षांचा एक मुलगा. त्या काळचं हेल्मेट चांगलंच जड होतं. शर्टाच्या कॉलरचं लेबल टोचलं तरी ज्यांचा दिवस बिघडतो अशा मुलांच्या डोक्यावर ते टिकेल का, हाच मुळात मोठा प्रश्न होता. हेल्मेटच्या आत एक साधा रस्ता दिसायचा, त्यावरून एखादी गाडी जायची. चित्र मुद्दाम बाळबोध ठेवलेलं होतं, कारण तपशील वाढले की नेमकं कशाकडे बघायचं यातच ही मुलं अडकतात. गाडी कुठे आहे ते शोधायचं, तिचा रंग सांगायचा, मग 'स्टॉप'ची पाटी शोधून तिच्यापर्यंत चालत जायचं. सत्रं काही मिनिटांचीच. दोघांनीही हेल्मेट घालून घेतलं, मान वळवून गाड्या बघितल्या, रंग ओळखले. एवढंच. पण एवढं होईल असं आधी खात्रीने कोणीच सांगितलं नसतं.

आणि या लोकांनी प्रामाणिकपणे हेही लिहून ठेवलं की इथे शिकलेलं खऱ्या रस्त्यावर उपयोगी पडेल की नाही, हे या प्रयोगावरून ठरत नाही. नंतरच्या जाहिरातींमधून सगळ्यात आधी गळालं ते हेच वाक्य.

मी या वाचनात शिरलो त्याचं कारण माझी धाकटी बहीण. ती कासारवडवलीला राहते, मी पातलीपाड्याला. भाचा अकरा वर्षांचा आहे. मोजके शब्द बोलतो, बाकीचं 'जेलो'वर बोट ठेवून सांगतो. (जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप आपल्या पवईच्या आयआयटीत, आयडीसीमध्ये तयार झालं आणि ते मराठीतही बोलतं. ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर बघावं.) तो ज्या थेरपी सेंटरला जातो तिथे चष्म्याची सत्रं सुरू झाली, फी अर्थातच वेगळी. बहीण म्हणाली, "दादा, तू एवढं वाचत असतोस, जरा बघून सांग ना, ह्याचा खरंच उपयोग होतो की नुसता शो आहे?" आमची आई बाजूलाच होती. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना तो स्वमग्न आहे म्हणून? मग डोळे झाकून त्याला आणखी आत कशाला ढकलताय?"

आईचा प्रश्न मला जास्त अवघड वाटला. कारण त्यात सगळा घोळ त्या शब्दाचा आहे.

मूळ शब्द ग्रीक 'ऑटोस', म्हणजे स्वतः, यावरून ऑयगन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवला, आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या संदर्भात. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णनं छापली आणि तो शब्द या मुलांना चिकटला. आपण मराठीत त्याचं 'स्वमग्न' केलं. शब्द छान आहे, कानाला गोड आहे, पण त्याने एक चित्र मनात पक्कं बसतं: मूल आत कुठेतरी बसलं आहे, दार लावून, आपल्याच तंद्रीत. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे चित्र उलटं आहे. त्याला बाहेरचं जरा जास्तच ऐकू येतं. तीन मजले वरचा मिक्सर, लिफ्टचा पंखा, कंटेनरचा एअर हॉर्न. आत जाऊन बसतो तो बाहेरचं असह्य झालं म्हणून.

या दारामागच्या मुलाच्या चित्राने पूर्वी फार मोठं नुकसान केलं आहे. आई-वडील भावनेने थंड असल्यामुळे मूल असं होतं, हे मत कॅनरच्या काळापासून घुटमळत होतं. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून ते घरोघरी पोचवलं. म्हणजे मूल बोलत नाही याचं दुःख आधीच होतं, वर आईच्या माथी दोष. बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, १९६४ मध्येच पुस्तक लिहून हे शारीरिक, मेंदूच्या जडणघडणीचं प्रकरण आहे असं मांडलं होतं. पण चुकीच्या गोष्टीचं पुस्तक जास्त वाचलं जातं, हा जगाचा नियमच दिसतो.

आपल्याकडे तर ही भांडणं करायला शब्दच नव्हता. आम्ही नौपाड्यात चाळीत राहायचो तेव्हा, १९७० च्या दशकात, शेवटच्या खोलीत एक मुलगा होता. दिवसभर गॅलरीच्या कठड्यावर बोटांनी ताल धरायचा, स्टेशनवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा मिनिटासकट सांगायचा, आणि कोणी हात लावला की किंचाळायचा. त्याला सगळे 'येडा' म्हणत. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, त्यामुळे 'ह्याला पलीकडे नेऊन सोडा' हा विनोद ठाणेकरांना फुकट मिळालेला होता आणि तो त्याच्या आईच्या समोर व्हायचा. ती पापड लाटत राहायची. त्या मुलाचं पुढे काय झालं ते चाळीतल्या कोणालाच सांगता येत नाही. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला त्याच्या यादीतही ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला स्वतःची जागा मिळाली. मधल्या काळात दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' उभी केली, मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये 'उम्मीद' सुरू केलं, ठाण्यात महापालिकेची 'जिद्द' शाळा विशेष मुलांना शिकवते आहे. पण चाळीतल्या त्या आईच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

असो. यंत्रांकडे वळतो.

यंत्र आणि ही मुलं यांची सोयरीक चष्म्याच्याही बरीच आधीची आहे. स्टॅनफर्डचे केनेथ कोल्बी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस न बोलणाऱ्या मुलांना संगणकासमोर बसवलं. त्या वेळी संगणक म्हणजे खोलीभर कपाट! मुलाने कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटायचं आणि आवाज यायचा. १९७३ च्या निबंधात त्यांनी १७ पैकी १३ मुलांच्या भाषेत सुधारणा दिसल्याचं लिहिलं आहे. आकडा बाजूला ठेवा, मला त्यातलं तर्कशास्त्र महत्त्वाचं वाटतं. यंत्र वैतागत नाही. तेच अक्षर शंभर वेळा दाबलं तरी शंभराव्या वेळी त्याच सुरात बोलतं. भुवया उंचावत नाही. ज्या मुलाला माणसाच्या चेहऱ्यावर एकाच वेळी चाललेल्या दहा हालचालींचा अर्थ लावता येत नाही, त्याला हे केवढं मोठं सुख असेल!

चष्म्याची परंपरा मात्र करमणुकीतून आली. मॉर्टन हेलिग यांनी १९६२ मध्ये 'सेन्सोरामा' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात डोकं घालून बसलं की मोटरसायकलवरून फिरल्याचा भास व्हायचा, अंगावर वारा यायचा, वास यायचे, सीट हादरायची. (आम्ही घोडबंदरकर हे सगळं माजिवड्यापासून गायमुखापर्यंत विनामूल्य अनुभवतो.) १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पडदा बनवला, तो इतका जड की छतापासून टांगावा लागे. तिथून स्ट्रिकलंडबाईंच्या हेल्मेटपर्यंत २८ वर्षं.

त्यानंतरच्या प्रयोगांची जंत्री देत बसत नाही. दोन-तीनच सांगतो, कारण त्यांच्यावरून मला बहिणीला उत्तर द्यायचं होतं.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २००० ते २००३ या काळात एक प्रकल्प झाला. सेरा पार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर एक कॅफे तयार केला. आत जायचं, रिकामं टेबल शोधायचं, ते नसेल तर बसलेल्या माणसाला 'ही खुर्ची रिकामी आहे का' असं विचारायचं. फार सुंदर कल्पना. पण हाच धडा घेऊन आमच्या ठाण्यातल्या मामलेदार मिसळीच्या दुकानात जाऊन बघा. तिथे रिकामं टेबल शोधणारा उपाशी राहील. चार अनोळखी माणसांच्या टेबलावर पाचवा बाकडं सरकवून बसतो, विचारत कोणी नाही, आणि त्यात उद्धटपणाही नाही. म्हणजे चष्म्यात 'सामाजिक कौशल्य' म्हणून जे भरलेलं असतं ते कुठल्या तरी एका गावचं असतं. मुलाला ते गाव कुठलं हे कोणी सांगत नाही.

दुसरा प्रयोग हैफाचा, इस्रायलमधला, नाओमी जोसमन आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा. विषय पुन्हा रस्ता ओलांडणं. सहा ऑटिस्टिक मुलं, संगणकाच्या पडद्यावरचा रस्ता. पडद्यावर ती शिकली. नंतर त्यांना खऱ्या सिग्नलच्या सरावाच्या रस्त्यावर नेलं, तेव्हा त्यातल्या काहींच्या वागण्यात चांगली सुधारणा दिसली. सगळ्यांच्या नाही. इथे निदान कोणीतरी मुलांना पडद्यावरून उठवून रस्त्यावर नेलं, याचं मला फार बरं वाटलं.

तिसरा न्यूकॅसलचा, २०१४ चा. त्यात चष्माच नाही. एक खोली, तिच्या भिंतींवर चारी बाजूंनी दृश्य, आणि मुलाच्या शेजारी उभा राहिलेला थेरपिस्ट. नऊ मुलगे होते, प्रत्येकाला कशाची तरी जबर भीती, कोणाला गर्दीच्या बसची वगैरे. तीच गोष्ट खोलीत आधी अगदी हलकी दाखवायची, मूल सावरलं की थोडी वाढवायची. अशी चार सत्रं. मग खऱ्या ठिकाणी सराव. नऊपैकी आठ जण त्या प्रसंगाला सामोरे जाऊ शकले आणि चौघांची भीती पूर्ण गेली. नऊ ही संख्या लहान आहे हे मान्य. पण त्या खोलीत दृश्याइतकंच काम शेजारच्या माणसाने केलं असणार, असं मला वाटतं. अमेरिकेत विजय रवींद्रन यांनी आपल्या मुलाच्या अनुभवातून 'फ्लोरिओ' नावाची कंपनी काढली, त्यातही मुलाच्या डोळ्यांवर चष्मा आणि मोठ्या माणसाच्या हातात टॅबलेट अशीच रचना आहे. मूल काय बघतंय ते मोठ्याला दिसतं, तो सोबत बोलतो. आईच्या 'आणखी आत ढकलताय' या शंकेला माझ्यापाशी एवढंच उत्तर होतं: आत पाठवायचं तर एकट्याला नाही.

भारतातही काम झालं आहे. आयआयटी गांधीनगरच्या उत्तमा लाहिरी यांनी आधी अमेरिकेत आणि मग इथे अशी यंत्रणा केली की मुलाची नजर कुठे आहे आणि शरीर ताणलं गेलंय का, हे यंत्र टिपतं आणि त्याप्रमाणे काम सोपं-अवघड करतं. यातला दुसरा भाग मला मनापासून आवडतो. मूल घाबरलं हे ओळखून माघार घेणारा शिक्षक यंत्राच्या रूपात का होईना, मिळाला तर हवाच आहे. पहिल्या भागाबद्दल, म्हणजे मुलाने समोरच्याच्या डोळ्यांत बघावं या आग्रहाबद्दल, माझं मन खट्टू होतं. मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक सांगतात की डोळ्यांत बघायला लावलं की ऐकायचं राहून जातं. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्येच आई-वडिलांना, आमच्यासाठी शोक करू नका, असं सांगितलं होतं. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये, तेही स्वतः ऑटिस्टिक, असं मांडलं की समजून घेण्यात अडचण दोन्ही बाजूंना असते. आपल्याला ते कळत नाहीत, पण कमतरता मात्र त्यांच्या नावावर लिहिली जाते.

या विचारातून चष्म्याचा एक उलटा उपयोगही झाला. ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने २०१६ मध्ये एक छोटी फिल्म केली. एक मुलगा आईबरोबर मॉलमधून चालतोय आणि आपण ते सगळं त्याच्या डोळ्यांनी, त्याच्या कानांनी बघतो. चष्म्यातून बघायची आवृत्तीही निघाली. म्हणजे शिकायचं आपण.

मी पुठ्ठ्याचा एक खोका आणला, त्यात मोबाइल सरकवला आणि आईच्या डोळ्यांना लावला. कानाला हेडफोन. तिला इंग्रजी कळत नाही, पण त्यात कळण्यासारखं फार काही नाहीच, नुसता मारा आहे. नाणी पडल्याचा आवाज, दिव्यांची लुकलुक, चेहरे जवळ येतात. मिनिटभरही झालं नसेल, तिने खोका काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी त्याला गेल्या गणपतीत आरतीला उभं केलं होतं रे. टाळांच्या शेजारी."

बहिणीने चार सत्रं घेतली. भाच्याला चष्मा आवडला, हे सांगायला हवं. त्याचं वय अकरा, त्यामुळे हे चष्मे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी मेटाने २०२३ मध्ये जी दहा वर्षांची खालची मर्यादा ठेवली तिच्यात तो बसतो. आत एक परदेशी रस्ता होता, झाडांचा. गाड्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी येऊन थांबायच्या. इंग्रजीत एक बाई 'व्हेरी गुड' म्हणायची. तो शहाण्यासारखा थांबायचा, दोन्हीकडे बघायचा, पलीकडे जायचा. चौथ्या सत्रानंतर बहीण त्याला घेऊन कासारवडवली नाक्यावर उभी राहिली, मीही होतो. तो थांबला. दोन्हीकडे बघितलं. आणि मग गाड्या थांबायची वाट बघत राहिला. गाड्या कशाला थांबतायत? उजवीकडून कंटेनर, डावीकडून उलट्या दिशेने रिक्षा, मधून डिलिव्हरीवाला. आपण इथे रस्ता ओलांडतो म्हणजे काय करतो, तर हात वर करून, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघून, 'मी निघालो' असं सांगून निघतो. म्हणजे नेमकी तीच गोष्ट, जी त्याला सगळ्यात अवघड. तो आठ-दहा मिनिटं शिकवल्याप्रमाणे उभा राहिला. मग कानांवर हात ठेवून म्हणाला, "मामा, हॉर्न नको."

त्याचं काही चुकलं नव्हतं. शिकवलेला प्रत्येक नियम त्याने पाळला होता. घोड्यांच्या बंदराकडे जाणारा हा रस्ता. पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये घोडबंदर मराठ्यांकडे आलं तेव्हापासूनच इथली वहिवाट बहुधा जो जोरात येईल त्याची, असा माझा अंदाज आहे.

बहिणीला मी माझं मत सांगितलं. चष्मा थोतांड नाही, पण आतला रस्ता आपला नाही, आणि त्या फीच्या पैशात दुसरं काही करता येईल. मग आम्ही न्यूकॅसलच्या खोलीची गरिबाघरची आवृत्ती केली. मी मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे माझ्या छातीपाशी धरून नाका चित्रित केला. सकाळी साडेसातला, त्याची सेंटरला जायची वेळ तीच. घरापासून नाक्यापर्यंत, नाक्यावरून दुभाजकापर्यंत, दुभाजकाला लागून असलेल्या मेट्रोच्या खांबापाशी थांबायचं, मग पलीकडे. बहिणीचा आवाज मराठीत: आता थांबू, आता बाईकवाला जाऊ दे, आता हात वर, आता चल. टीव्हीवर लावतो आणि बहीण त्याच्या शेजारी उभी राहते. पहिला आठवडा आवाज पूर्ण बंद. नंतर रिमोट त्याच्याच हातात दिला. आवाज तोच वाढवतो, तोच कमी करतो.

ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं काम आम्ही काढून टाकलं आहे. त्याऐवजी तो आईचा हात धरतो आणि दुसरा हात वर करतो. लाल टोपी घालतो, म्हणजे ट्रकवाल्याला दिसेल. आई हल्ली त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत जाते आणि हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्यांशी मराठीत, हिंदीत जसं जमेल तसं भांडते. त्याचा उपयोग होतो असं बहिणीचं म्हणणं आहे.

रिमोटवर तो आता सहापर्यंत आला आहे. खरा नाका साधारण तिसाच्या पुढे असावा. अर्धा रस्ता, म्हणजे खांबापर्यंत, तो रोज जातो. पुढचा अर्धा काही दिवशी जमतो. गेल्या आठवड्यात नाक्यावरचे बांधकामाचे पत्रे हलवून दुसरीकडे लावले, त्यामुळे आमची फिल्म जुनी झाली आणि टीव्हीसमोर तो दोनदा 'पत्रा, पत्रा' म्हणाला. आता पुन्हा चित्रण करायचं आहे. रविवारी मला सुट्टी असते, पण रविवारी रहदारी कमी असते, त्याचा उपयोग नाही. सोमवारी साडेसातला जाईन.